गॅसची लाईन आणि मी बसवलेला म्हसोबा

शाहूपुरीतल्या एका गल्लीत माझं शेगड्या दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत जुन्या बर्नरचे ढीग, रबरी नळ्यांची वेटोळी आणि मागच्या दोन खोल्यांत मी आणि बायको. हल्ली मात्र माझं काम दुकानात कमी आणि लोकांच्या स्वयंपाकघरात जास्त चालतं. घरोघरी पाईपचा गॅस येतोय. सिलिंडरवर चालणारी शेगडी तशीच पाईपला जोडली तर ज्योत मरतुकडी होते. आतलं पितळी नोझल काढून मोठ्या भोकाचं बसवावं लागतं. ते मी बसवतो, बटण फिरवतो, निळी ज्योत गोल उभी राहते आणि घरची बाई हरखते. मग कुणीतरी हमखास विचारतं, "हा गॅस येतो कुठनं हो?"

मी म्हणतो, "लांबनं येतो. समुद्राकडनं."

खोटं नाही ते. पण कोल्हापुरात पोचायच्या आधी तो माझ्या थोरल्या भावाच्या शेताखालून येतो, आणि तिथून येतो त्याला कारण मी आहे. एवढं सगळं परक्या ओट्याशी उभं राहून सांगता येत नाही.

आमचं गाव हातकणंगले तालुक्यात, नदीच्या अंगाला. जमीन काळी, ऊस मायंदाळ, आणि त्याची किंमत म्हणजे दर दोन-चार वर्षांनी पाणी घरात. दादाच्या घराच्या भिंतीवर वहिनीनं प्रत्येक पुराची रेघ कोळशानं मारून ठेवली आहे. सगळ्यात वरची रेघ फळीवरच्या डब्यांच्याही वर आहे. आमच्या शेताच्या वरच्या टोकाला मात्र माळाचा एक तुकडा आहे. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही, पण कुठल्याच पुराचं पाणी तिथं चढलेलं नाही. वडील म्हणायचे, "खायाला काळी, ऱ्हायाला माळ." राहायला ते कधी गेले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

वडील गेल्यावर वाटणी झाली. आमच्याकडे रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळे थोरल्याला लबाडी करता येत नाही. दादाला ती तशीही आली नसती. त्यानं दोरी धरून इतके सरळ वाटे पाडले की माळसुद्धा मधोमध कापला, दोघांना एकेक घर बसेल एवढा. मी रस्त्याकडचा वाटा उचलला. दादा म्हणाला, "घे की. तुला कोल्हापुरातनं यायाला बरं पडंल."

मग दोघांनी दोन स्वप्नं बघितली. दुकान बंद करायचं वय झालं की माळावर दोन खोल्या बांधायच्या आणि शटरचा आवाज आयुष्यातून काढून टाकायचा, हे माझं. पुढचा पूर यायच्या आत म्हशींसकट वर यायचं, हे दादाचं. माझं स्वप्न हौसेचं होतं, त्याचं गरजेचं. त्यानं पायासाठी दोन ट्रॉल्या काळा दगड आणून आपल्या अर्ध्या माळावर टाकलाही होता.

तेवढ्यात गॅस आला. पेपरात मोठमोठं छापून यायला लागलं. आता गॅसचा बाजार मोकळा होणार, जिल्ह्याजिल्ह्याला बोली लावून कंपन्या येणार, धूर जाणार, नंबर लावणं जाणार. दुकानात बसून मी ते मोठ्यानं वाचायचो आणि माझा धंदा बुडणार म्हणून बायकोवर चिडायचो. आता कळतं की बाजार मोकळा झाला तो वर कुठंतरी. आमच्या गल्लीत एकच कंपनी आली, एकच पाईप. पूर्वी सिलिंडरवाल्याशी भांडण झालं तर दुसरा सिलिंडरवाला तरी गाठता यायचा. पाईप भिंतीत बसला की भांडायचं भिंतीशीच.

पण पाईप शहरात यायच्या आधी शेतातून जाणार होता. गावात नोटीस लागली. अधिकाऱ्यांनी देवळात सभा घेऊन समजावलं: जमीन तुमचीच राहणार, सातबारा तुमच्याच नावावर. फक्त चार-पाच बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढ्या पट्ट्याखालून लाईन जाईल. वर पीक घ्या. घर बांधायचं नाही, विहीर पाडायची नाही, झाड लावायचं नाही. एक म्हातारा मागून ओरडला, "म्हंजे बायको आमची, पर बोलायचं न्हाय!" सभा हसली. मीही हसलो.

आठवड्यानं शेतावर गेलो तर लाल टोकाच्या खुंट्या बरोब्बर माझ्या अर्ध्या माळावरून गेलेल्या. घराची जागा गेली. 

मी मोजणीवाल्यांना गाठलं. त्यांचा मुख्य एक तरुण इंजिनिअर होता, पुण्याकडचा, सभ्य. म्हणाला, "काका, घराचं स्वप्न नकाशात दिसत नाही. पक्कं काही असेल तर दाखवा. विहीर आहे? बोअर? थडगं, देऊळ? त्यासाठी आम्ही लाईन थोडी सरकवतो. पुढच्या आठवड्यात शेवटची पाहणी आहे."

देऊळ. तो शब्द घेऊन मी कोल्हापूरला आलो आणि दोन दिवस तो डोक्यात शिट्टी देत राहिला.

पुढचं मी केलं ते अगदी दिवसाढवळ्या. ओढ्यातून एक उभट, खालून रुंद दगड पोत्यात घालून मोटारसायकलवरून दुकानात आणला. शेंदूर आणि तेल कालवून त्याला तीन लेप दिले. ओला शेंदूर नवा दिसतो, म्हणून प्रत्येक लेप टेबलावरच्या बर्नरच्या आचेवर भाजून वाळवला. मग त्यावर काजळी चोळली, ती पुसली, पुन्हा चोळली. शेगडीवाल्याला जुनं नवं करता येतं, तसंच नवं जुनंही करता येतं. तिसऱ्या दिवशी तो दगड असा दिसायला लागला की माझा मलाच हात जोडावासा वाटला. बायकोनं विचारलं, "हे काय?" म्हटलं, "गिऱ्हाइकाचं आहे."

बाजाराच्या दिवशी भर दुपारी, गाव बाजाराला गेलेलं असताना, माळाच्या माझ्या अर्ध्या तुकड्यात मधोमध, बाभळीखाली तो रोवला. पुढं दोन फुटक्या पणत्या, एक सुकी करवंटी टाकली.

पाहणीला इंजिनिअर आला. मी म्हणालो, "हा आमचा म्हसोबा. आज्ज्याच्या आधीपासनं आहे." त्यानं काही विचारलं नाही. बूट काढले, हात जोडले आणि माणसांना सांगितलं, "लाईन सरकवा."

मला वाटलं होतं ती रस्त्याकडं सरकेल. देवाशप्पथ तसंच वाटलं होतं. पण रस्त्याच्या कडेनं विजेचे खांब आणि पाण्याची जुनी लाईन होती. खुंट्या उपटल्या गेल्या आणि एकेक करून दादाच्या अर्ध्या माळावर ठोकल्या गेल्या, त्याच्या काळ्या दगडाच्या ढिगाला वळसा घालून. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होती. "साहेब, थांबा, हा दगड माझा आहे" एवढे सहाच शब्द बोलायचे होते. बोललो नाही. जीभ टाळूला चिकटली म्हणतात ते खोटं आहे. जीभ मोकळी होती, मीच ती वापरली नाही.

संध्याकाळी दादा माळावर आला. आधी खुंट्यांकडं बघितलं, मग दगडाकडं.

"ह्यो कुठला रं?"

"बांधालगत गवत काढताना सापडला," मी म्हणालो.

दादानं टोपी काढली. "आपल्या मातीत देव हुता आनि आपल्याला ठावं न्हाय," असं पुटपुटत वाकून पाया पडला. खुंट्यांबद्दल एवढंच बोलला, "आता देवाच्या अंगावरनं तर कुणी पाईप नेनार न्हाय. माज्याकडनं गेला, गेला." त्यानं हरकतीचा अर्ज दिला. हरकतीच्या जागी पक्कं काय आहे, असं विचारल्यावर त्यानं "दोन ट्रॉल्या दगूड" असं लिहून दिलं. अर्ज फेटाळला गेला.

चर खणले गेले, पोलादी नळ पुरले गेले, माती सारखी झाली आणि दादाच्या माळावर पिवळे खांब उभे राहिले. त्यांच्यावर लिहिलंय, इथं खणू नये. पिकांची भरपाई मिळते, पण माळावर पीकच नव्हतं. उरलेली सगळी जमीन पाण्याच्या पट्ट्यात. गावात उंचावरची जागा विकत मिळत नाही, कारण ज्यांच्याकडं आहे ते स्वतः तिथं राहायला आलेत.

आता कुणी म्हणेल, एवढी लाज वाटत होती तर आपला अर्धा माळ भावाला द्यायचा. द्यायला निघालो होतो की! पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्या वर्षी गावातल्या एकाची चुकलेली म्हैस म्हसोबाला नवस बोलल्यावर तिसऱ्या दिवशी सापडली. म्हैस शेजारच्या गावात कुणाच्यातरी उसात खात उभी होती, ती बोलल्याशिवायही सापडलीच असती. पण गाव ऐकतंय व्हय? अमावास्येला नारळ फुटायला लागले. आखाडात कोंबडी कापायला लागले. मग चौथरा बांधायचं ठरलं आणि दगड कुणाचा, तर दादाचा. "नाय तरी पडूनच हाय," म्हणत त्यानं घराच्या पायाचा काळा दगड स्वतः वाहून दिला. चौथऱ्यावर पत्र्याची शेड आली, शेडला घंटा आली, पुढं जेवणावळीला पटांगण झालं. माझ्या माळावर पाय ठेवायला जागा उरली ती देवाची. माझी बायको एकदा बघून आली आणि म्हणाली, "देवाच्या दारात मी संसार मांडणार न्हाई. रोज घंटा बडवत्यात." माझंही घर गेलं. ज्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मधल्या काळात मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारलं, निदान गावाला तरी गॅस द्या, लाईन तर आमच्याच शेतातून गेलीय. तिथला माणूस समजावून म्हणाला, "मोठ्या लाईनला असा मधेच फाटा काढता येत नाही. वेगळं स्टेशन लागतं, दाब कमी करावा लागतो. आधी दाट वस्ती, मग तुमचं गाव." गाव कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्यानंच मला नोझल बदलायचं काम दिलं. नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती. दुकान त्या कामावर चालतं. म्हणजे मी आता त्या पाईपवर जगतो, आणि भाऊ त्या पाईपमुळे पुरात राहतो. कुणाच्या घरी ज्योत पेटवली की मला दादाच्या भिंतीवरची सगळ्यात वरची रेघ दिसते. बटण बंद करून ती जात नाही.

गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडायला लागले तसा मी मोटारसायकल काढली. म्हटलं दादा-वहिनीला कोल्हापूरला आणावं. गावात पोचलो आणि मागं रस्ता बुडाला. दादा म्हशी सोडून येणार नव्हता, वहिनी दादाला सोडून येणार नव्हती. आम्ही चार म्हशी, दोन रेडकं, पिठाचा डबा आणि ताडपत्री घेऊन माळावर चढलो. राहायचं कुठं, तर म्हसोबाच्या शेडमध्ये. तीन दिवस खाली उतरता आलं नाही. चारी बाजूंना पाणी, मधे आम्ही, म्हशी आणि मी आणलेला दगड.

वहिनीनं तीन दगडांची चूल मांडली. काटक्या ओल्या, नुसता धूर. ती डोळे पुसत हसली, "भावजी, कोल्हापुरातल्या समद्यांच्या शेगड्या पेटवता. हितली पेटवा बघू!" मी फुंकर मारून मारून बेजार झालो. आम्ही बसलो होतो तिथून वीसेक पावलांवर पिवळा खांब होता. त्याच्याखालून गॅस शहराकडं चालला होता. चूल काही पेटली नाही. भाकरी दुसऱ्या दिवशी मिळाली.

वहिनीनं सकाळी म्हसोबाला हळद-कुंकू लावलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्याला नवस बोलल्ये मी. घर उंचावर होऊ दे म्हणून. पाच वर्सं झाली. त्यो ऐकतोय, पर येळ लावतोय."

ते ऐकलं आणि माझ्यानं राहवेना. दुपारी ती पाण्याच्या कडेला भांडी घासायला गेली तेव्हा दादा म्हशीच्या अंगावरच्या गोचिडी काढत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. ओढा, पोतं, बर्नर, काजळी, इंजिनिअरचे काढलेले बूट. खुंट्या त्याच्याकडं सरकल्या तेव्हा गप्प उभा राहिलो, तेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "हा काढून टाकू. चौथरा मोडू. तुझाच दगड आहे, त्यावरच घर बांध. जागा तुझ्या नावावर करून देतो."

दादानं गोचीड नखानं चिरडली. मग म्हशीचा कान उलटा करून बघितला.

"वड्यातला दगूड?"

"व्हय."

"काढायचा म्हंतोस? गाव पाया पडतंय. कुनाला कुनाला सांगत फिरनार? आनि सांगितलं तरी ऐकनार न्हाईत." मग शेडकडं मान वळवून म्हणाला, "देव काय पायानं चालत येतो व्हय? समदे देव कुनीतरी आनूनच बसवल्यात. ह्यो तू आनलास."

मला वाटलं सुटलो. एवढ्यावर निभावलं असतं तर माझ्यासारखा नशीबवान कुणी नसता. पण दादा उठला, हात धुतले आणि माझ्याकडं न बघता बोलला:

"पर धाकल्या, तुज्या ताटातलं माज्या ताटात टाकायचं हुतं तर सांगून टाकायचंस की. म्या न्हाय म्हनलो असतो?"

 तो न्हाय म्हणाला नसता. मला ते तेव्हाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी त्याला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझ्या तोंडानं मागावं लागलं असतं.

चार पावलं गेल्यावर तो थांबला. "हिला ह्यातलं काय सांगू नगंस. तिला तेवढाच आधार हाय."

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरायला लागलं. खाली चिखलातून घरांची छपरं दिसायला लागली. आम्ही ताडपत्री गुंडाळली, म्हशींची दावी सोडली. निघायच्या आधी वहिनीनं पिठाच्या डब्यातून एक नारळ काढला. पुरात सगळं सोडून तो तेवढा तिनं बरोबर घेतला होता.

"भावजी, देव तुमच्या वाट्यातला. तुमीच फोडा. आनि माज्यासाटनं तेवढं मागा, पुढच्या पान्याच्या आदी घर वर येऊ दे म्हनून. तुमचं ऐकंल त्यो."

मी दादाकडं बघितलं. तो दावं हातात घेऊन उभा होता. त्यानं फक्त मान हलवली, फोड म्हणून.

चौथऱ्याच्या काळ्या दगडावर मी नारळ आपटला. पाणी उडालं. मग हात जोडून डोळे मिटले. पुढं दगड होता तो मीच ओढ्यातून उचललेला, मीच भाजलेला, मीच काजळलेला. तरी मी मागितलं, अगदी मनापासून मागितलं, घर वर येऊ दे. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात राहिलं नव्हतं.